डीजे आणि नाच समोर चालू असताना चित्र कसं रंगवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात जी. डी. आर्टच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला डिसेंबरमध्ये खुल्या मैदानावरच्या संगीत महोत्सवात संध्याकाळी सात ते दहा लाइव्ह पेंटिंगसाठी बोलावलं आहे. मंचावर डीजे असेल, मधूनमधून नाचाचे ग्रुप येतील. रंकाळ्यावर आणि पंचगंगेच्या घाटावर निसर्गचित्रणाची चांगली सवय आहे, पण रात्री, रंगीत दिव्यांत, हलणारी माणसं कधी रंगवलेली नाहीत. साहित्य काय घ्यावं, आकार किती ठेवावा, सुरुवात कुठून करावी?

घाटावरची सवय इथे नक्की कामाला येईल. मोठे टोन (उजेड-अंधाराचे भाग) आधी, तपशील नंतर, उजेड सरकायच्या आत चित्र उभं करायचं, ही शिस्त इथले जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून या गावात चालत आली आहे आणि ती रात्रीच्या मैदानावरही तितकीच लागते. फरक पडतो तो पाहण्यात. घाटावर समोरचं दृश्य जागेवर थांबतं, त्यामुळे नजर वर-खाली करत रेषा ताडून पाहता येते. नाचणारा माणूस थांबत नाही. मात्र तो परत येतो. तीच उडी, तीच गिरकी, खांद्याचा तोच झोला ठरावीक मात्रांनी पुन्हा समोर येतो. त्यामुळे हातून निसटलेल्या क्षणामागे धावायचं नसतं, पुन्हा येणाऱ्या क्षणाची वाट पाहायची असते. बाकीचं सगळं तंत्र या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी हिशेब समजून घ्या. हाउस संगीताचा वेग साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोके असतो, टेक्नोचा त्याहून जास्त, ड्रम अँड बेसचा १७० ते १७५. वेग १२८ धरला तर एक ठोका अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी, चार ठोक्यांचा एक बार १.८७ सेकंदांचा, आठ बार १५ सेकंदांचे आणि बत्तीस बार बरोबर एक मिनिटाचे होतात. या संगीतातले बदल बहुतेक वेळा आठ, सोळा किंवा बत्तीस बारांच्या सीमेवरच येतात. आधी ताण चढत जातो, स्नेअर ड्रमचे ठोके दाट होतात, मग बेस (खालच्या पट्टीचा जाड आवाज) एकदम पूर्ण जोरात येतो. त्यालाच ड्रॉप म्हणतात. ड्रॉपला हजारो हात एकाच वेळी वर जातात आणि काही बार वरच राहतात. नंतर एक मोकळा, ठोका नसलेला भाग येतो आणि लोक सैलावतात. चित्रकारानं ड्रॉपला फक्त पाहावं, ब्रश खाली ठेवून. मोकळ्या भागात रंगवावं. नवखे नेमकं उलट करतात. जोश चढला की जोरात रंगवायला लागतात आणि पाहण्यासारखं असतं तेव्हा त्यांची नजर कॅनव्हासवर असते.

सराव दोन-तीन आठवडे तरी करा, आणि त्यासाठी महोत्सवाची वाट पाहू नका. कोल्हापूरइतकी हलती शरीरं पाहायला मिळणारी गावं थोडी आहेत. मोतीबाग किंवा गंगावेश तालमीत वस्तादांची परवानगी घेऊन एका कोपऱ्यात बसा. पैलवान तोच डाव पुन्हा पुन्हा घोटतात, म्हणजे तीच आकृती पुन्हा पुन्हा समोर येते. मर्दानी खेळाच्या आखाड्यात पट्टा किंवा लाठी फिरवणाऱ्याकडे पाहा. तिथे हात दिसतच नाही, हाताची वाट दिसते, आणि तीच काढायला शिकायचं आहे. लेझीम तर आयतं वह्या भरायचं काम आहे, कारण हालचाल ठोक्यांना बांधलेली असते. पद्धत सोपी आहे. मोबाइलवर मेट्रोनोम १२८ ला लावा, चार ठोके पाहा, डोळे मिटा, चार ठोके आठवा, मग आठ ठोक्यांत काढा. एका पानावर दहा-बारा आकृत्या, खोडरबर नाही. पहिले काही दिवस आकृत्या ताठ येतील. त्याचं कारण बहुतेक वेळा डोक्यापासून सुरुवात करणं हेच असतं. मानेच्या खळग्यापासून जमिनीवर टेकलेल्या घोट्यापर्यंत एक वाकती रेषा आधी ओढा, मग खांद्यांचा कल, मग कमरेचा कल. हे दोन कल एकमेकांच्या उलट असले की आकृती नाचायला लागते. डोकं सगळ्यात शेवटी, आणि वाटतं त्यापेक्षा थोडं लहान.

वजन कुठल्या पायावर आहे हे एकच विचारत राहा. लावणीत ठेक्याचा पाय जमिनीला घट्ट असतो आणि नऊवारीच्या काष्ट्याचा ताण त्या पायाकडे ओढलेला दिसतो, गिरकीत पदर शरीराच्या मागून अर्ध्या ठोक्यानं येतो. हिप-हॉपमध्ये वजन खाली, गुडघ्यांत असतं. बी-बॉइंगमधला (ब्रेकडान्समधला) फ्रीज हा तर भेटच असते, दोन-तीन सेकंद संपूर्ण शरीर थांबतं. पॉपिंगमध्ये झटका बसतो त्या क्षणी सांधे स्पष्ट दिसतात, तेव्हा कोपर आणि मनगटाचे कोन टिपून घ्या. आपल्याकडच्या कार्यक्रमांत हलगी आणि डीजे एकत्रही येतात. हलगीवाला कंबरेतून वाकून वाजवतो आणि त्याच्या भोवतीचे लोक उडी मारून नाचतात, त्यामुळे त्या गटात एक खाली झुकलेली आणि बाकी वर उसळलेल्या रेषा आपोआप मिळतात. अशी रचना बसून जुळवायला गेलं तर सहज सापडत नाही.

डीजे रंगवणं वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड. तो टेबलामागे उभा असतो, कमरेखाली दिसत नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला तो काहीच करत नाही असं वाटतं. म्हणून त्याचं काम समजून घ्यावं लागतं. मधे मिक्सर (गाण्यांचे आवाज मिसळायचं यंत्र), दोन्ही बाजूंना गाणी वाजवणारे प्लेयर. पायोनियर कंपनीचे मोठ्या मंचावरचे प्लेयर प्रत्येकी सुमारे ३३ सेंटिमीटर रुंद असतात, मिक्सर तेवढाच किंवा थोडा जास्त. म्हणजे दोन प्लेयर आणि एक मिक्सर मिळून साधारण एक मीटर, चार प्लेयर असतील तर दीड मीटरच्या वर. या मापाशी खांद्याची रुंदी ताडून पाहिली की प्रमाण चुकत नाही. बहुतेक चुकीच्या चित्रांत टेबल तीन मीटरचं होतं आणि माणूस बाहुलीएवढा. गाणं बदलताना डीजे हेडफोनची एक बाजू कानावर धरतो, मान त्या बाजूला कलते, दुसरा हात जॉग व्हीलवर (प्लेयरवरच्या फिरत्या चकतीवर) असतो. मग दोन्ही हात मिक्सरच्या नॉबवर येतात, एका गाण्याचा बेस काढून दुसऱ्याचा आणतात, मान खाली जाते. हे मिक्सिंग सोळा ते बत्तीस बार, म्हणजे अर्धा ते एक मिनिट चालतं आणि त्या काळात शरीराची ठेवण फारशी बदलत नाही. रेखाटनाची हीच वेळ. ड्रॉपला हात वर करून उभा असलेला डीजे सगळेच काढतात. कलती मान आणि बोटांच्या टोकांवर एकवटलेलं लक्ष काढलंत तर स्वतः डीजे येऊन चित्रासमोर थांबेल.

आता उजेड, जिथे सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात. मंचावरचे एलईडी दिवे शुद्ध लाल, शुद्ध निळा असे रंग फेकतात. तो उजेड पॅलेटवर पडला की रंग ओळखू येत नाहीत. लाल उजेडात पांढरा आणि लाल जवळपास सारखे दिसतात, निळा, हिरवा आणि काळा तिन्ही काळे. निळ्या उजेडात पिवळा काळपट दिसतो आणि अल्ट्रामरीन निळा पांढऱ्याच्या शेजारी हरवतो. म्हणून तीन गोष्टी करा. पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा कायमची ठरवा आणि घरी दिवा बंद करून हात बसवा. ट्यूबना हातानं ओळखता येईल अशी खूण करा, पांढऱ्याला एक रबरबँड, पिवळ्याला दोन, निळ्याला मास्किंग टेपचा पट्टा. आणि स्वतःचा दिवा न्या. पाच ते सात वॉटचा, ४००० केल्विनच्या आसपासचा (फार पिवळट नाही, फार निळसर नाही) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेला क्लिपचा एलईडी दिवा कॅनव्हासच्या वरच्या कडेला लावा. उजेड फक्त चित्रावर आणि पॅलेटवर पडावा, प्रेक्षकांच्या किंवा कॅमेऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून काळ्या पुठ्ठ्याची झापड करा. दिवा फार प्रखर असेल तर मंचाकडे पाहताना डोळ्यांसमोर अंधारी येते, तेव्हा तो मंद करता येणारा घ्या. यूएसबीवर चालणारा एक जास्तीचा दिवा आणि दहा हजार एमएएचची पॉवर बँक पिशवीत असू द्या. जनरेटर बंद पडला तरी पाच-सहा तास निघतात.

मंचावरचे रंग दर काही सेकंदांनी बदलतात. त्यांच्या मागे लागलात तर चित्राचा चिखल होतो. पहिल्या अर्ध्या तासात एक प्रकाशयोजना निवडा, समजा डावीकडून किरमिजी आणि उजवीकडून निळा, आणि तीच शेवटपर्यंत धरा. मंचावर पुढे हिरवा आला, पिवळा आला, तरी तो तुमचा नाही. हेही लक्षात घ्या की उजेडाचं मिश्रण रंगांच्या मिश्रणासारखं नसतं. लाल आणि हिरवा झोत एकत्र आले की पिवळा उजेड पडतो, रंगात तेच मिसळलं तर तपकिरी होतो. आणि दिव्याचा झोत जिथे सगळ्यात तीव्र असतो तिथे तो डोळ्याला पांढरा दिसतो, रंग असतो तो कडांना. म्हणून हायलाइट जवळजवळ शुद्ध पांढरा ठेवा आणि त्याच्या भोवती भडक रंगाची कडा द्या. सगळा झोत एकसारख्या गुलाबी रंगानं भरला तर तो उजेड न दिसता पडद्याचं कापड दिसतं.

या सगळ्यासाठी कॅनव्हास गडदच हवा. पांढऱ्या कॅनव्हासवर रात्र रंगवायची म्हटलं तर पहिला तास नुसता काळोख भरण्यात जातो. फ्थॅलो ब्लू आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) निम्मे-निम्मे घेऊन थोडं पाणी घाला. सरळ काळ्यापेक्षा हा गडद जिवंत असतो, कारण कुठे निळसर, कुठे उबदार उरतो. दोन हात मारा, मधे सुकू द्या, दुसऱ्या हातानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच घासा. हे आदल्या दिवशी करून ठेवा.

आकार तीन तासांसाठी २४ × ३६ इंच पुरे. आयोजक ४ × ६ फूट मागतात कारण ते फोटोत छान दिसतं. तेवढा आकार द्यायचा असेल तर किमान सहा तास किंवा मदतनीस मागा. ताणलेला कॅनव्हास असेल तर आणखी एक अडचण येते. सबवूफरच्या (बेसच्या मोठ्या स्पीकरच्या) आवाजानं तो ढोलाच्या चामड्यासारखा थरथरतो आणि बारीक रेषा फुटते. त्यावर उपाय म्हणजे ६ मिमी प्लायवूड कापून चौकटीच्या मागच्या बाजूला, कॅनव्हासला टेकेल असं बसवणं. किंवा सरळ प्लायवर जेसो (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) मारून त्यावरच रंगवा. ईझल लोखंडी किंवा जाड लाकडी घ्या, मधल्या दांड्याला पाच किलो वाळूची पिशवी टांगा, पायांखाली रबराचे तुकडे ठेवा. ॲल्युमिनियमची घडीची ईझल कॉलेजच्या आवारात ठीक, मैदानावर वाऱ्यानं किंवा कुणाच्या धक्क्यानं ती पडते.

माध्यम ॲक्रिलिकच. जलरंगाचा मोह होईल, हात त्यावर बसलेला आहे, पण रात्रीच्या दवात कागद सुकत नाही आणि गडदावर उजेड चढवता येत नाही. जलरंग दुपारच्या स्केचबुकापुरते ठेवा. रंग मोजके घ्या: टायटॅनियम व्हाइट १२० मिलीची मोठी ट्यूब, लेमन यलो, कॅडमियम रेड, मॅजेंटा, अल्ट्रामरीन, फ्थॅलो ब्लू, बर्न्ट अंबर. दोन इंची आणि एक इंची फ्लॅट ब्रश, आठ नंबरचा राउंड, एक रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश) आणि पांढरा ॲक्रिलिक मार्कर. उघड्यावर वाऱ्यानं रंग पॅलेटवरच सुकतो. म्हणून उथळ डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असं ओलं पॅलेट करा. रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारं द्रव्य) वापरलं तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त नको, नाहीतर थर चिकट राहतो आणि मैदानाची लाल धूळ त्यावर बसते. पाणी दोन बादल्यांत, पाच-पाच लिटर, एक धुवायला आणि एक स्वच्छ. रंगाचं पाणी मैदानात किंवा गटारात ओतू नका, झाकणाच्या कॅनमधून परत न्या.

फ्लोरोसंट रंगांबद्दल दोन शब्द. अतिनील दिवे असतील तर ते विलक्षण चमकतात, आणि कुंभार गल्लीत मूर्ती रंगवणाऱ्यांना विचारलं तर कुठला रंग कसा बसतो हे नेमकं सांगतील. पण उन्हात हे रंग लवकर उडतात. ज्याला चित्र द्यायचं त्याला ते आधी सांगणं तुमचं कर्तव्य आहे. आणखी एक, टायटॅनियम व्हाइट अतिनील किरणं शोषून घेतो, त्यामुळे त्या उजेडात तो चमकत नाही, मळकट जांभळा दिसतो. पांढरा चमकेल या भरवशावर रचना केली तर नेमका मधला भाग मरतो.

जागा मागताना लाजू नका. सबवूफरच्या समोर किंवा स्पीकरच्या भिंतीलगत अजिबात नको. साउंड मिक्सिंगचं टेबल प्रेक्षकांच्या मधे, बॅरिकेडमध्ये असतं. त्याच्या शेजारची जागा सगळ्यात चांगली, कारण आवाज तिथे समतोल असतो, वीज जवळ असते आणि मंच सरळ दिसतो. नाचणाऱ्यांचं अंग आणि पाय पाहायचे असतील तर मंचाच्या बाजूला, पाच ते आठ मीटर अंतरावर, फूटभर उंच चौथऱ्यावर. ६ × ६ फूट जागा, ५ अँपिअरचा एक पॉइंट, बॅरिकेड, आणि दुपारी आत यायचा पास या चार गोष्टी लेखी घ्या. हेही विचारून घ्या की कागदी कपटे, धूर आणि सीओटूचे (कार्बन डायऑक्साइड वायूचे) झोत कधी सुटणार. ओल्या रंगावर कपटे बसले तर काढताना थर निघून येतो, म्हणून त्या मिनिटाला चित्रावर धरायला एक पुठ्ठा तयार ठेवा.

कानांची काळजी ऐच्छिक नाही. ८५ डेसिबल आठ तासांची मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. मैदानावर मंचाजवळ आवाज याच्या वर सहज जातो आणि तुम्ही तिथे तीन तास उभे आहात. फोमचे प्लग बारीक वळून, कान वर आणि मागे ओढून आत घालायचे आणि अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचे. अर्धवट घातलेला प्लग काही करत नाही. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग मिळाले तर उत्तम, ठोका स्पष्ट ऐकू येतो. लेसरच्या झोताकडे थेट कधीही पाहू नका. कोल्हापुरात मिरवणुकांमधल्या लेसरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आलेल्या आहेत, आणि चित्रकार तर मंचाकडे इतरांपेक्षा जास्त वेळ एकटक पाहतो. लाइटवाल्याला भेटून लेसर कुठल्या उंचीवरून फिरणार हे विचारा आणि तुमची जागा त्या रेषेत येत असेल तर बदलून घ्या.

आता प्रत्यक्ष दिवस. दुपारी साउंडचेकला हजर राहा. त्या वेळी साधा उजेड असतो, नाचाचे ग्रुप मंचावर जागा घेऊन पाहतात, तेच तुकडे पुन्हा पुन्हा करतात. कोरिओग्राफरला विचारा की सगळ्यात महत्त्वाची पोज कुठल्या ओळीवर येते. ए-थ्री स्केचबुकात पंधरा-वीस रेखाटनं करा. हे फसवणं नाही. फ्रेंच चित्रकार देगासनं नर्तकींची चित्रं अशाच रेखाटनांवरून स्टुडिओत उभी केली. लाइव्ह चित्राचं खरेपण तिथल्या उजेडात आणि घेतलेल्या निर्णयांत असतं, तयारी न करण्यात नाही. नाचणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, आपण चित्र काढतोय हे आधी सांगा आणि रेखाटनं दाखवा. कुणी नको म्हटलं तर चेहरा ओळखू येणार नाही असं काढा किंवा त्यांना सोडा.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सातला पूर्ण अंधार असेल आणि सुरुवातीपासून एकच उजेड मिळेल, हे तुमच्या फायद्याचं आहे. शेवटही पक्का असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार खुल्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद असतात, वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे दहाला संगीत थांबलं की मंचाचे दिवेही जातील. पावणेदहाला सही झालेली असायला हवी.

पहिली वीस मिनिटं कॅनव्हासला हात लावू नका, फक्त पाहा आणि छोट्या चौकटींत रचना करा. मग दोन इंची ब्रशनं मधल्या टोनमध्ये मोठे आकार टाका: मंचाची आडवी रेषा, गर्दीचा खालचा काळा पट्टा, झोतांच्या तिरक्या दिशा, आणि दोन किंवा तीनच आकृत्या. सात-आठ आकृत्या घेतल्या तर एकही पूर्ण होत नाही. गर्दी म्हणजे डोकी मोजणं नव्हे. हातांचा एक जंगलासारखा सलग आकार करा आणि त्यातली पाच-सहा मनगटं आणि बोटं कडेच्या उजेडानं उचला. पहिल्या तासाअखेरीस सहा मीटरवरून चित्र वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर तपशिलाकडे वळू नका, पुन्हा मोठ्या ब्रशवर या. दर तासाला दहा मिनिटं बाजूला होऊन लांबून बघा, आणि मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहा. टोन चुकले असतील तर तिथे लगेच कळतं.

दुसरा तास आकृत्यांचा. ठरवलेली पोज परत येईपर्यंत थांबायचं, पाहायचं, मग एका दमात रंगवायचं. कडा दोन प्रकारच्या ठेवा. वजन पेलणारा पाय, टेकलेला हात, डीजेची बोटं इथे कडा तीक्ष्ण. फिरणारा पदर, उडणारे केस, वरचा हात इथे कोरड्या ब्रशनं हालचालीच्या दिशेनं पुसट. सगळंच पुसट केलं तर गती न दिसता चित्र हललेल्या फोटोसारखं दिसतं. एक जागा स्थिर असली तरच दुसरी हलते. चेहरे या टप्प्यावर नकोत. कपाळ, नाकाचा कणा आणि गालाचं हाड यांवर उजेडाचे तीन फटकारे पुरतात.

शेवटच्या अर्ध्या तासात शुद्ध पांढरा, मार्कर आणि रिगर. दिव्यांचे गाभे, हेडफोनची कड, घुंगरांवरचे दोन-चार ठिपके. हाताशी वेळ आहे म्हणून भरत राहू नका. लोक भोवती जमतील, सेल्फी मागतील, किती वेळ लागला विचारतील. एक मित्र बरोबर ठेवा, तो बोलेल. कुणी पेय घेऊन जवळ आलं तर त्यानंच अडवावं. दिव्याकडे येणारे किडे ओल्या रंगात चिकटतात. ते बोटानं काढू नका, सुकल्यावर कोरड्या ब्रशनं झटका.

काही आयोजकांच्या मनात वेगळंच असतं. अमेरिकेतले चित्रकार डेनी डेंट दोन्ही हातांत अनेक ब्रश घेऊन संगीताच्या तालावर काही मिनिटांत मोठं व्यक्तिचित्र करायचे. तो मंचावरचा प्रयोग होता. बोलावणाऱ्याला तसं काही हवं आहे की तीन तास चालणारं चित्र हवं आहे, हे आधीच स्पष्ट करून घ्या. एलईडी पडद्यावर टॅबलेटवरचं रेखाटन दाखवायचं असेल तर तेही वेगळं काम आहे. टॅबलेटचं गुणोत्तर ४:३ असेल तर १६:९ पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, म्हणून कॅनव्हास १९२० × १०८० चा उघडा, पार्श्वभूमी काळी आणि रेषा जाड ठेवा, आणि दुपारीच केबल लावून पाहा. साधी एचडीएमआय केबल दहा मीटरच्या पुढे भरवशाची नसते.

व्यवहाराचं एक कलम महत्त्वाचं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे आयोजकानं पैसे दिले आणि कागदावर काही लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षी ते चित्र टी-शर्टवर आलं तरी तुम्हाला बोलता येणार नाही. मूळ चित्र कुणाचं, छपाईचे हक्क कुणाचे, तुम्हाला प्रदर्शनात लावता येईल का, हे तीन प्रश्न आणि अर्धी रक्कम आगाऊ, एवढं एका पानावर लिहून सही घ्या. ईमेलवर होकार आला तरी चालेल.

रात्री नेताना चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ॲक्रिलिक वरून सुकलेलं वाटलं तरी आत मऊ असतं आणि प्लास्टिकला चिकटून उचकटतं. चारही कोपऱ्यांवर इंचभर जाडीचे थर्माकोलचे ठोकळे टेपनं लावा, त्यावर त्याच मापाचा पुठ्ठा ठेवून सुतळीनं बांधा आणि टेम्पोत उभं ठेवा. घरी दोन आठवडे उघड्यावर, धूळ न बसणाऱ्या खोलीत राहू द्या आणि मगच वार्निश लावा, पहिला हात पातळ. आयोजक दुसऱ्याच दिवशी मागत असेल तर वार्निशशिवाय द्या, पण मागच्या बाजूला तारीख, वापरलेले रंग आणि वार्निश केव्हा लावायचं ते लिहून द्या.